सुई गरम करण्यापुरतं गाणं

आमच्या अख्ख्या केळापूर तालुक्यात इंग्रजी गाणं कळलेला माणूस एकच होऊन गेला, आणि त्याला इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं. हे मी जबाबदारीनं लिहितो आहे. मी स्वतः बी. ए. ला इंग्रजी घेतलेला, पांढरकवड्याच्या हायस्कुलात तोच विषय शिकवणारा माणूस. पण त्या एका रेकॉर्डवरची बाई काय गाते आहे, हे मला तिचे निम्मेअधिक शब्द कळूनही कळलं नाही आणि माझ्या सासऱ्यांना एकही शब्द न कळता पहिल्याच दिवशी कळलं. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. ते गेले त्याला येत्या पोळ्याला वर्ष होईल. त्यांच्याबद्दल लिहावं असं तेव्हापासून मनात आहे. पण चार ओळी लिहिल्या की त्यांचं काहीतरी आठवून हसू येतं, आणि हसू आलं की हात थांबतो. म्हणून हे लिखाण फार सावकाश चाललं आहे.

मामाजी जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायच्या कारखान्यात, पारखी होते. हंगामात फाटकापुढं बैलगाड्यांची रांग लागे आणि मामाजी एकेका गाडीपाशी जाऊन ढिगात कोपरापर्यंत हात घालत. वरचा कापूस त्यांनी कधी पाहिला नाही. वरचा कापूस सगळ्यांचाच चांगला असतो, असं ते म्हणत. आतून काढलेला पुंजका दोन अंगठ्यांमध्ये धरून ते हलकेच ओढत, धाग्याची लांबी नखावर मापत, मग एक सरकी दाताखाली फोडत आणि तिचा आवाज ऐकून माल ओला की कोरडा ते सांगत. तीस वर्षं हेच केल्यामुळं जगातल्या कुठल्याही वस्तूकडे बघायची त्यांची दुसरी रीतच उरली नव्हती. आंब्याच्या टोपलीत ते तळाशी हात घालत. वर्तमानपत्र मधल्या पानापासून वाचत. माझ्या लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी सगळी मंडळी माझं शिक्षण, पगार, गोत्र वगैरे विचारत होती. मामाजींनी काहीच विचारलं नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला, अंगठ्यानं तळवा दोनदा दाबला आणि शेजारच्या आपल्या भावाला माझ्यादेखत सांगितलं, "धागा मध्यम हाय. पन कचरा नाही." लग्न ठरलं. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल इतकं नेमकं कोणी बोललेलं नाही.

त्यांची दुसरी खोड रुमालाची. पूर्वी कापसाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा हातात हात देत, वर रुमाल टाकत आणि त्याच्याखाली बोटं दाबून सौदा करत. पुढं ती रीत बंद झाली आणि उघड बोली आली. बाजारानं ते मान्य केलं, मामाजींनी केलं नाही. त्यांनी ती रीत घरी आणली. पाहुण्यांसमोर चहा हवा असला की ते मामीजींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, हात पदराखाली धरायला जात. "लोकं पाहून राह्यले, लाज नाही वाटत?" असं मामीजी पुटपुटत, पण चहा बरोबर तितके कप येई. एकदा लग्नाच्या पंगतीत बँडच्या कल्लोळात त्यांनी उपरण्याखाली माझी तीन बोटं दाबली आणि चौथं अर्धं. मी रात्रभर विचार करत राहिलो. सकाळी विचारलं तर म्हणाले, "साडेतीन पोळ्या खाल्ल्या तुमी. बंद करा, असं सांगून राह्यलो होतो."

अशा माणसाच्या हाती ती रेकॉर्ड कशी आली, तर एका जीपगाडीमुळं. वणीकडच्या राजूरला कोळशाच्या खाणीवर यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. त्याची जीप एकदा जिनाच्या फाटकासमोर बंद पडली आणि तिचा एक भाग नागपूरहून येईपर्यंत साहेब तीन दिवस जिनाच्या पाहुणेघरात अडकला. त्याच्याशी बोलायचं कोणी, हा प्रश्न पडला. इंग्रजी येणारे मॅनेजर बाहेरगावी होते, आणि मला कोणी बोलावलं नाही. मामाजी आपणहून गेले. साहेबाजवळ सेलवर चालणारा एक लहानसा रेकॉर्डप्लेयर होता आणि प्रवासात तो एकच रेकॉर्ड बाळगत असे. संध्याकाळी त्यानं ती लावली. मामाजींनी ती पूर्ण ऐकली, साहेबाचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि पाचही बोटं दाबली. साहेब घाबरला नाही, यावरूनच तो चांगला माणूस असला पाहिजे. पुढं वर्षभर तो येता-जाता जिनात थांबू लागला. मायदेशी परत जाताना प्लेयर, रेकॉर्ड आणि पत्त्याचं कार्ड मामाजींच्या हाती देऊन गेला. दोघांमध्ये तोवर एकही वाक्य बोललं गेलं नव्हतं.

रेकॉर्ड मोठी होती, एका बाजूला सहा गाणी. गाणारी एक बाई, आणि तिच्यामागं पंधरा-वीस जणांचा ताफा: कर्णे, पिपाण्या, पियानो, उभ्या मोठ्या तंतुवाद्याचा बोटांनी छेडलेला ठोका, आणि ढोलावर काठीऐवजी तारांच्या झाडणीसारख्या कशानं तरी धरलेला सळसळता ताल. मामीजींनी पहिल्यांदा ऐकून विचारलं, "त्या बाईच्या मांगं कोनी अंगन झाडून राह्यलं काय?" आणि मला अजूनही तो ताल ऐकला की पहाटेचं सडा टाकायच्या आधीचं अंगण दिसतं. वेष्टणावर त्या बाईचं चित्र होतं. अंगात हिरवा झगा, आणि खांदे उघडे. मामीजींनी ते चित्र एक दिवस सोसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिठाची खळ केली आणि जुन्या लुगड्याचा एक तुकडा कापून बाईच्या दोन्ही खांद्यांवर नीट चिकटवला. "फोटो काढाच्या वक्ती बिचारीचा पदर घसरला असन," एवढंच त्या म्हणाल्या.

रेकॉर्ड ऐकण्याचे मामाजींचे नियम होते. चालू असताना बोलायचं नाही. मत द्यायचंच असलं तर उपरण्याखाली. एक गाणं निवडून लावायचं नाही, सगळी क्रमानं ऐकायची, कारण ढिगाची वरची मूठ बघून माल ठरत नाही. डोळे मिटायचे नाहीत, कारण पारखी डोळे मिटत नाही. आणि सगळ्यात कडक नियम माझ्यासाठी होता. एकदा न राहवून मी सांगायला गेलो, "मामाजी, या गाण्यात ती म्हणते आहे की..." तसे त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "अर्थ नोका सांगू बापा! शब्द म्हंजे सरकी. मी रुई घेतली. सरकी तुमी ठेवा, शाळेत कामी येईन."

तरी एकदा त्यांनी मला गाणं समजावून सांगितलं, आणि ते मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. मी तक्रार केली होती की ही बाई तालात गात नाही, ठोका पडून जातो आणि ही मागून येते. मामाजींनी रेकॉर्ड थांबवली, म्हणजे मामला गंभीर होता. "जावईबापू, बाजावाले पाहा, कशी घाई करून राह्यले. त्याइले वाटते उशीर झाला. बाईले घाई नाही. हाटातून सांजच्याले गाडी घराकडं निंघते, गाडीवाला झोपते, तरी बैल कसा चालते? त्याले मालूम असते घर कुठं हाय. तो आपल्या मर्जीनं पाय टाकते, आन फाटकापाशी बरोब्बर उभा राह्यते. हे बाई तशी गाते. मांगं राह्यली नाही ते. तिले घर मालूम हाय." मग त्यांनी ते गाणं पुन्हा लावलं आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, बाई ठोक्यावर येऊन पोचली की, माझा अंगठा दाबला. दहा-बारा वेळा दाबल्यावर मलाही थोडं दिसू लागलं. नंतर नंतर मामाजी चालूही तसेच लागले. पांढरकवड्याच्या बाजारातून पिशवी घेऊन येताना त्यांचं एक पाऊल जरासं रेंगाळून पडे, खांदा हलकेच झुले. लोकांना वाटलं, गुडघा धरला आहे. दोघा-तिघांनी तेल सुचवलं.

आता मामीजींविषयी सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्यांची आहे. मामीजी रागावत. त्या घराला जसं छप्पर होतं, तसं मामीजींचं रागावणं होतं; त्याखाली सगळे सुखानं राहत. सेल संपले की त्या रागावत, सेल आणले की रागावत, उन्हात सेल तापवायला ठेवले तर त्यांना ओलांडून जावं लागतं म्हणून रागावत. मामाजी ते सगळं पानातल्या चटणीसारखं रोज थोडं थोडं घेत आणि एखाद्या दिवशी कमी पडलं तर मुद्दाम चपला घालून स्वयंपाकघरात जात. मात्र रोज दुपारी चारला, जिनातून निवृत्त झाल्यावर, मामाजी रेकॉर्ड लावत, तेव्हा एक गोष्ट घडे. पहिलं गाणं सुरू झालं की मामीजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहत. कधी हाताला पीठ, कधी हातात निवडायचं सूप. तीन-साडेतीन मिनिटं चौकटीला टेकून उभ्या राहत. ते गाणं संथ होतं, बाई त्यात जवळजवळ बोलल्यासारखी गाते. दुसरं गाणं कर्ण्यांनी धडाक्यात सुरू होई, आणि मामीजी वळून आत जात. यावर त्या दोघांत कधी चकार शब्द झाला नाही. मी एकदा म्हटलं, "मामीजी, तुम्हाला हे गाणं आवडतं वाटतं." तर म्हणाल्या, "मले काय समजते त्यातलं? चुलीपाशी धूर झाला म्हनून आली." मामाजींना विचारलं तर ते म्हणाले, "पयलं गानं नुसतं सुई गरम कराले असते. खरा माल दुसऱ्यापासून." पण पहिल्या गाण्याला त्यांची पाठ दाराकडे असे आणि मान इतकी ताठ, की त्यांना पाठीला कान फुटले आहेत असं वाटावं.

एका वर्षी पाऊस उघडायचं नाव घेईना. श्रावण-भाद्रपदात घरातलं मीठसुद्धा पाणी झालं. गणपती उठल्यावर आभाळ उघडलं, मामाजींनी रेकॉर्ड बाहेर काढली तर तिच्यावर पांढरट बुरशीचा पातळ थर. त्यांनी बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, आणि तीस वर्षं ज्या एका शत्रूशी ते लढले होते तो त्यांना ओळखू आला. ओल! ओल लागलेल्या मालाचं काय करायचं हे सांगायला त्यांना कोणाची गरज नव्हती. त्यांनी अंगणात बाज टाकली, तिच्यावर स्वच्छ धोतर अंथरलं, मधोमध रेकॉर्ड ठेवली आणि शेजारी स्टुलावर बसून, कापूस उलथतात तशी, दर थोड्या वेळानं ती उलथत राहिले. आमच्याकडचं पावसानंतरचं ऊन काय असतं हे ज्यांनी सोसलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. जेवायच्या वेळी रेकॉर्ड चारी बाजूंनी उडदाच्या पापडासारखी वर आली होती. बुरशी मात्र पूर्ण गेली होती.

हायस्कूल सुटल्यावर मी गेलो तेव्हा मामाजी अजून त्याच स्टुलावर बसलेले होते आणि मामीजी दारात उभ्या होत्या. मी मनात म्हटलं, आता ऐकण्यासारखं काहीतरी होईल. मामीजींनी रेकॉर्डकडे पाहिलं, मामाजींकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या. वस्तूच ते. कधी तरी खराब होनारच होती." आणि आत गेल्या. मामाजींचा चेहरा पांढरा पडला.

रेकॉर्ड सरळ करायचे उपाय झाले. हंगामाची पहिली रुईची गाठ बांधली गेली तेव्हा जिनातल्या जुन्या ओळखीवर मामाजींनी दोन काचांमध्ये, वर-खाली घड्यांची चादर घालून, रेकॉर्ड त्या गाठीखाली ठेवून घेतली. आठ दिवस ते रोज जाऊन गाठीशेजारी बसत. नवव्या दिवशी रेकॉर्ड निघाली. मधला भाग चांगला सपाट झाला होता. पण कडेची लाट गेली नव्हती, आणि रेकॉर्डवर पहिलं गाणं कडेलाच असतं. सुई ठेवली की ती चाकोरीतून जाणाऱ्या रिकाम्या गाडीसारखी उसळे, दोन शब्द वाजवी, चार ओलांडी, आणि धापा टाकत थेट दुसऱ्या गाण्यात जाऊन पडे. तिथून पुढं सगळं ठीक. खरा माल शाबूत होता. फक्त सुई गरम करायचं गाणं गेलं होतं.

चार वाजता मामीजी दारात येईनाशा झाल्या. त्याहून वाईट म्हणजे त्या रागावेनाशा झाल्या. मामाजी चपला घालून स्वयंपाकघरात गेले. मामीजींनी मुकाट्यानं मागून फडकं फिरवलं. त्यांनी भाजीत मीठ नाही अशी खोटी तक्रार केली. मीठ वाढलं गेलं. एका रविवारी सकाळी मामाजी माझ्या घरी आले, माझ्या बायकोला, म्हणजे स्वतःच्या मुलीला, बाहेर पाठवलं आणि म्हणाले, "जावईबापू, तुमच्या मामीजी रागावून नाही राह्यल्या. अठरा दिवस झाले. तिनं जल्मात काई मांगतलं नाही माह्यापाशी. एक गानं उभ्यानं ऐकत होती, थे म्या उन्हात घातलं. काई तरी करा लागते."

आम्ही नागपूरला गेलो. मामाजींनी ठेवणीतला कोट घातला आणि वेष्टण वर्तमानपत्रात गुंडाळून बसमध्ये मांडीवर धरलं. रेकॉर्डच्या मोठ्या दुकानात दुकानदारानं लुगड्याचा पदर घेतलेली ती परदेशी बाई बराच वेळ पाहिली. असला माल आता बाहेरून येत नाही, म्हणाला. मामाजींना वाटलं, त्याला गाणं कोणतं ते समजलेलं नाही. त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि पहिलं गाणं म्हणून दाखवायला सुरुवात केली. मामाजींचा आवाज म्हणजे जिनाच्या पट्ट्याला तेल घालायचं राहिलं तर होतो तसा. शब्द त्यांचे स्वतःचे होते; इंग्रजीसारखे वाटणारे, पण कुठल्याच भाषेत नसलेले. मी रेकॉर्डच्या जाहिराती वाचायला भिंतीकडे वळलो. पण ते मध्येच थांबले नाहीत, सबंध गाणं म्हटलं, कर्ण्यांच्या जागा तोंडानं भरल्या. दुकानातली सात-आठ गिऱ्हाइकं गोळा झाली. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, खरी रेकॉर्ड आली तरी तुम्ही म्हटलंत तसं त्यात नसेल हो." मामाजींनी हे स्तुती म्हणून घेतलं.

परत आल्यावर साहेबाला पत्र लिहायचं ठरलं. मामाजींनी सांगायचं आणि मी इंग्रजीत उतरवायचं. "लिहा का तुमचा माल अव्वल होता. माल खराब निंघाला नाही, पारख्यानं खराब केला. लिहा का मले दुसरा पायजे, पन माह्यासाठी नाही. कोनासाठी ते लिहू नोका. साहेबाले समजन." मी विचारलं, "कसं समजेल, मामाजी?" ते म्हणाले, "बाइको असन ना त्याले." उत्तरासाठी पत्ता माझ्या शाळेचा दिला. पत्र गेलं. वर्ष गेलं, उत्तर आलं नाही.

दरम्यान मामाजींनी आपला मार्ग शोधला होता. एका दुपारी मी तिथं होतो. चार वाजले, त्यांनी रेकॉर्ड लावली, पण सुई खाली टेकवली नाही. सुई वरच धरून ते स्वतः पहिलं गाणं गायला लागले. अगदी पहिल्यापासून, आपल्या त्या भाषेत, दाराकडे पाठ करून. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मामाजी गात राहिले. मग मामीजी दारात आल्या.

"हे काय लावलं?"

"सुई गरम करून राह्यलो."

"अन् अशी? तिथं ती थांबते."

मामाजींची पाठ दाराकडेच होती. "कुठं थांबते?"

"झाडनं बंद होते तिथं. तुमी आपले पुढं पयता. काहून, गाडी सुटून राह्यली काय तुमची? अन् ते वरचं जमत नसन तर खाली म्हना ना. शेजारचे लोकं काय म्हनतीन, म्हताऱ्याले का झालं? दीड वर्स ऐकलं तरी डोक्यात शिरलं नाही!"

मामाजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ज्या जागी थांबायचं तिथं थांबले. मामीजी "हं" म्हणाल्या आणि पुढच्या ओळीला पुन्हा रागावल्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मामाजी माझ्या शाळेत आले आणि शिक्षकांच्या खोलीच्या दारातून सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले, "बोलली! रातभर बोलली!" आणि निघून गेले. खांदा झुलवत, एक पाय रेंगाळत. आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी मला विचारलं, घरात कोणी आजारी होतं काय.

त्यानंतर चारचा तो कार्यक्रम रोजचा झाला. पहिलं गाणं मामाजी म्हणत, मामीजी दारातून त्यांच्या चुका काढत, मग सुई दुसऱ्या गाण्यावर टेके. मामाजी काही सुधारले नाहीत. मला तर संशय आहे की एखादी जागा जमायला लागली की ते ती मुद्दाम बिघडवत.

आणि मग, पत्र लिहून सव्वा वर्ष झाल्यावर, शाळेच्या पत्त्यावर पार्सल आलं. साहेब देश बदलून कुठं तरी तिसरीकडे गेला होता, पत्र त्याच्यामागं फिरत गेलं होतं. नवी कोरी, तीच रेकॉर्ड. मी उरलेले तास कसेबसे घेतले आणि धावतच मामाजींना गाठलं. ते बाजाराच्या वाटेवर भेटले. मामाजींनी रेकॉर्ड बाहेर काढली, कडेवरून अंगठा फिरवला, उन्हाकडे धरली नाही. "अव्वल हाय," ते म्हणाले. मग ती पुन्हा वेष्टणात घालून माझ्या हातात दिली.

"तुमच्या कपाटात ठेवा, जावईबापू. पुस्तकाइच्या मांगं."

"अहो, पण मामीजींसाठी तर मागवली!"

"हव ना." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "ते बाई चुकत नाही, जावईबापू. ते बाईच गाईन तं तुमच्या मामीजीले बोलाले काय राहीन? थोडे दिवस जाऊ द्या."

मी ठेवली. चोरीचा माल ठेवावा तशी, शब्दकोशांच्या मागं. थोडे दिवस म्हणजे दोन वर्षं झाली. अधूनमधून मी विचारत असे, "मामाजी, आता?" आणि ते उपरण्याखाली माझं एक बोट दाबत: अजून नाही. या लपवाछपवीत एखाद्या शाळकरी पोरासारखा त्यांना आनंद होत असे, आणि मलाही, हे कबूल करतो. मामीजींशी खोटं वागणारा मी आयुष्यात पहिल्यांदाच इतका निर्धास्त होतो.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवून आडवे झालेले मामाजी उठले नाहीत. फार काही झालं नाही, कोणाला त्रास दिला नाही. चार वाजता मामीजी दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कळलं.

दिवस सरले, पाहुणे गेले. ती रेकॉर्ड माझ्या कपाटात मला टोचू लागली. सांगितलं तर मामाजी उघडे पडणार, न सांगितलं तर मी जन्मभर चोर. महिनाभरानं एका दुपारी मी ती घेऊन गेलो आणि मामीजींच्या पुढं ठेवली. सगळं सांगितलं, पार्सल कधी आलं, कोणी लपवायला सांगितलं आणि का. मामीजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोन वर्सं लपवली? अन् रोज माह्या शिव्या खाल्ल्या?" त्यांना हसू आलं होतं, आणि ते थांबवायला त्यांनी पदर तोंडाला लावला, तो बराच वेळ तसाच ठेवला.

"लावा," त्या म्हणाल्या.

मी नवे सेल घातले. रेकॉर्ड सपाट, काळी, चकचकीत फिरू लागली. मामीजी उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी सुई उचलून कडेवर नेली, तसा त्यांनी हात वर केला.

"पयलं नोका लावू."

"मग दुसऱ्यापासून लावू?"

"थांबा. पयलं होऊ द्या."

रेकॉर्ड नुसती फिरत होती. सुई मी हातात वर धरून बसलो. खोलीत कसलाच आवाज नव्हता. मामीजी चौकटीला टेकून समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. मध्येच एकदा त्यांच्या कपाळाला आठी पडली, एकदा त्यांनी नाराजीनं मान हलवली. तीन-साडेतीन मिनिटं गेली असतील.

"हं," त्या म्हणाल्या. "आता ठेवा."